भिलकवडी आणि कलम 302

गेली बावीस वर्षं मी इंदूर खंडपीठात फौजदारी अपिलं चालवते. त्यातली बरीचशी विधी सहाय्य समितीकडून येतात, म्हणजे ज्यांना वकील करणं परवडत नाही त्यांची. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या आदिवासी जिल्ह्यांची नावं माझ्या टेबलावर सतत असतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम 103 झालं, पण जुन्या अपिलांत 302 आहे आणि फलियातला, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, माणूसही अजून ‘तीन सौ दो’ असंच म्हणतो.

अशाच एका फाईलबद्दल सांगते. झाबुआकडच्या एका फलियात दोन चुलत भावांचं भांडण झालं. एकानं फालिया, म्हणजे कोयत्यासारखं हत्यार, उचलला, दुसरा जागीच गेला. साक्षीदारांच्या जबान्यांमध्ये पहिलं वाक्य सारखंच होतं: दोघं ताडी प्यायले होते. खालच्या कोर्टाच्या निकालात कारण एका ओळीत आटोपलं होतं, ‘शराब के नशे में विवाद’. मी तुरुंगात जाऊन आरोपीला भेटले. दीड तास तो दारूबद्दल एक शब्दही बोलला नाही. तो हिशेब सांगत होता. धाकट्या भावाच्या लग्नात मुलीकडच्यांना दापा द्यायचा होता, त्यासाठी सावकाराकडे आईची चांदीची कडी गहाण पडली, चुलत भाऊ जामीन राहिला. पैसे फेडायला दोघं मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात गेले. ठेकेदारानं शेवटच्या दोन महिन्यांची मजुरी दिलीच नाही. होळीला गावी परतले तेव्हा सावकार दारात, आणि जामीन राहिलेला भाऊ समोर. सहा वर्षांचा हिशेब एका संध्याकाळी फुटला, आणि फाईलमध्ये उरली ती फक्त ताडी.

त्या रात्री घरी जेवताना हे सांगितलं. आमचं घर रामबागेतलं, जुन्या वळणाचं. काका वाईट माणूस नव्हेत. आयुष्यभर मास्तरकी केली, गरिबांच्या मुलांना फुकट शिकवलं. ते म्हणाले, ‘‘अगं, त्यांच्यात असंच असतं.’’ हे वाक्य मी पोलीस ठाण्यात ऐकलंय, बाररूममध्ये ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या पलीकडे जाऊन खरोखरीचं नुकसान करतं, असं माझं म्हणणं आहे. कारण ‘असंच असतं’ म्हटलं की कारण शोधायची गरज संपते. तपास अधिकाऱ्याची संपते, सरकारची संपते, आपलीही संपते.

आपण इंदूरचे मराठी लोक अहिल्याबाईंच्या नावानं दिवस सुरू करतो. त्यांच्या कारभारातली एक गोष्ट मात्र आपण फारशी सांगत नाही. विंध्य आणि सातपुड्याच्या घाटांत भिल्लांकडून वाटसरूंची लूट व्हायची. अहिल्याबाईंनी आधी समजावून बघितलं, मग कठोर शिक्षाही केल्या, आणि त्यानंतर जे केलं ते महत्त्वाचं. घाटातून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा परंपरेनं चालत आलेला छोटासा कर त्यांनी मान्य केला. त्याला भिलकवडी म्हणत. त्याबदल्यात त्या हद्दीत चोरी झाली तर जबाबदारी त्या नाईकांची. पडीक जमीन कसायलाही दिली. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमनं हे 1823 साली मध्य भारताच्या वृत्तान्तात नोंदवून ठेवलंय. ज्यांना आपण लुटारू म्हणत होतो तेच वाटेचे राखणदार झाले. माणसं तीच होती, डोंगर तेच, मोहाची झाडं तीच. बदलला होता त्यांचा हक्क आणि त्या हक्काबरोबर येणारी जबाबदारी.

उलटं उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे, आणि ते सांगताना मराठी माणसानं मान खाली घालावी असं आहे. खानदेशात भिल्ल गावोगाव जागल्या, म्हणजे गावाचे राखणदार, म्हणून काम करत. त्यांना गावाकडून ठरलेला वाटा मिळे. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला. गावंच ओस पडली, तर जागल्याला वाटा कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले आणि तिथून लूटमार सुरू झाली. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं तोडगा काय काढला? कोपरगावला भिल्लांना बोलावून घेतलं, दगा केला आणि मोठ्या संख्येनं त्यांना विहिरींत टाकून मारलं. त्यानंतर खानदेशात शांतता आली नाही, उलट आग भडकली. इंग्रजांना ती विझवायला 1825 मध्ये भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण उभी करावी लागली, म्हणजे पुन्हा तेच: भिल्लांनाच पगार आणि राखणदारीची जबाबदारी.

स्वभाव दोन वर्षांत बदलत नाही. हिंसा मात्र दोन वर्षांत वाढते आणि दोन वर्षांत घटते. म्हणजे ती स्वभावात नाही, परिस्थितीत आहे.

आता दारूकडे येते, कारण सगळी चर्चा तिथंच येऊन थांबते. दारूनं हिंसा वाढते हे मी नाकारत नाही. फायली वाचून नाकारणं शक्यच नाही. पण मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरमधल्या माडिया आदिवासींच्या 100 खूनखटल्यांचा अभ्यास 1943 साली प्रसिद्ध केला. माडियांमध्ये खुनांचं प्रमाण मोठं होतं, शेजारच्या मुरियांमध्ये ते बरंच कमी. मोहाची दारू दोघंही पीत होते. दारू ही ठिणगी असेल, पण गवत कुणी वाळवलं हा प्रश्न राहतोच.

आणि दारूचंही एकच रूप नाही. देवाला वाहायची, पाहुण्याला द्यायची, सोयरीक जुळली की सगळ्यांनी मिळून प्यायची घरची मोहाची दारू वेगळी, आणि दुकानातला क्वार्टर वेगळा. पहिलीला वेळ होती, जागा होती, पिणाऱ्याभोवती म्हातारी माणसं होती. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यानं घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि आदिवासीला परवानेदाराच्या दुकानाकडे ढकललं. पैसे नाहीत तर उधार, उधारीपोटी जमीन. म्हणूनच 1922 मध्ये दक्षिण गुजरातपासून खानदेशापर्यंत देवीची लाट आली. अंगात येणारी देवी सांगत होती की दारू सोडा, आणि लोकांनी खरोखर सोडली, कारण तिचा रोख दारू विकणाऱ्या सावकाराकडेही होता. 1938 मध्ये तळोद्याकडे गुला महाराजांनी हेच सांगितलं. बामनियाचे मामा बालेश्वर दयाल आयुष्यभर वेठबिगारी आणि दारू या दोघींविरुद्ध एकत्रच लढले. त्यांच्या समाधीला आजही हजारो भिल्ल जातात. 1972 नंतर शहाद्याला श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायकांनी दारूचे अड्डे फोडले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. शहादा म्हणजे बडवानीच्या डोंगरापलीकडचा तालुका, आपल्यापासून फार लांब नाही. शंभर वर्षं आदिवासी समाज आतून दारूशी लढतोय, आणि आपण बाहेरून म्हणतो, त्यांच्यात असंच असतं.

आजही तेच चाललंय. झाबुआ-अलीराजपूरमध्ये ‘डी-3’ नावाची मोहीम आहे: दहेज, दारू आणि डीजे. फलियात खाटेवर बैठका होतात, लग्नातल्या खर्चावर मर्यादा ठरते. इथं दहेज म्हणजे आपल्यासारखा मुलीच्या बापानं द्यायचा हुंडा नव्हे. दापा म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायची रक्कम आणि चांदी. पूर्वी तो मान होता. मुलगी काम करणारी, घराला आधार, ती गेली तर भरपाई. आता काही गावांत तो लाखांच्या घरात गेलाय. तो फेडण्यासाठी नवरा लग्नानंतर महिन्याभरात गुजरातला जातो. ज्या बाईसाठी कर्ज काढलं ती बाई मग त्या घराला कर्जासारखीच दिसायला लागते.

2021 च्या उन्हाळ्यात अलीराजपूर जिल्ह्यातला एक व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एका तरुण मुलीला तिचे बाप-भाऊच झाडाला बांधून मारत होते. तिचा गुन्हा हा की नवरा मजुरीला गुजरातला निघून गेल्यावर ती सासर सोडून मामाकडे गेली. त्याच सुमारास धार जिल्ह्यात मामेभावाशी फोनवर बोलल्या म्हणून दोन मुलींना मारहाण झाली. इंदूरच्या घराघरांतल्या फोनवर हे फिरत होतं आणि खाली तेच वाक्य लिहिलेलं होतं. त्यात दापा होता, स्थलांतर होतं, टाळेबंदीनं बुडालेली मजुरी होती. पण मला इथंच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण माझ्या चळवळीतल्या काही मित्रमैत्रिणींशी माझा याच मुद्द्यावर वाद होतो. परिस्थिती समजून घेणं म्हणजे बाईवरच्या माराला माफी देणं नव्हे. ‘ही त्यांची परंपरा आहे, बाहेरच्यांनी बोलू नये’ हे म्हणणं आणि ‘त्यांच्यात असंच असतं’ हे म्हणणं, दोन्हींत त्या झाडाला बांधलेल्या मुलीचा आवाज कुणी ऐकत नाही. डाकण, म्हणजे चेटकीण, ठरवून मारलेल्या बायकांच्या फायली मी वाचल्या आहेत. त्यात बडव्याचा, म्हणजे गावच्या भगताचा, कौल असतो, गावात कुणाचं तरी लहान मूल तापानं गेलेलं असतं, जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नसतो. आणि पुष्कळदा त्या विधवेच्या नावावर दोन बिघे जमीन असते, दिराला हवी असलेली. श्रद्धा असतेच, पण जमीनही असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 29 टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हे सगळ्या भारताचं आहे. रामबागेतलंही आहे, फक्त आमच्याकडे भिंती जाड आणि दारं बंद.

स्थलांतराबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण तेच आपल्याला दिसत नाही, आणि ते आपल्याच दारातून जातं. सकाळी आठला इंदूरच्या कुठल्याही मजूर चौकात उभं राहा. सुरत, राजकोट, मोरबीला जाणाऱ्या बसमध्ये चढा. घरदार पाठीवर. म्हातारी माणसं आणि थोडी मुलं गावी, बाकीची मुलं साईटवर वाळूच्या ढिगात. 2011 च्या जनगणनेत अलीराजपूरची साक्षरता 36 टक्के होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत कमी. आठ महिने आईबाप परमुलखात असतील तर मूल शाळेत कसं टिकेल? पूर्वी गावात भांडण पेटलं तर मध्ये पडणारी माणसं होती: तडवी, पटेल, एखादी वजनदार आत्या. आता वर्षातले बहुतेक दिवस ती एकतर गावात नाहीत किंवा त्यांचं कुणी ऐकत नाही, कारण पैसा तरुणांच्या हातात आणि कर्जही तरुणांच्याच नावावर. मग फाल्गुन येतो. होळीआधीचा भगोरियाचा बाजार, होळी, पाठोपाठ लग्नसराई. सगळे एकाच वेळी घरी, हातात वर्षाची कमाई किंवा बुडालेल्या कमाईचा राग, सावकार वसुलीला, दुकान रात्रीपर्यंत उघडं. माझ्या फायलींतल्या घटनांच्या तारखा बघितल्या की त्या पुन्हा पुन्हा याच दिवसांत येतात. (भगोरियाला ‘मुली पळवायचा सण’ म्हणून छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी त्यामागचं हे अर्थकारण एकदा तरी छापावं.)

त्या कामानंही माणसं मारली जातात, फक्त त्याला खून म्हणत नाहीत. गोध्र्याच्या परिसरात क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत गेलेले झाबुआ, धार, अलीराजपूरचे मजूर सिलिकोसिसनं, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगानं, खंगून मेले. 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2010 मध्ये सांगितलं. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये आदेश द्यावा लागला.

आणि बाहेरून होणारी उघड हिंसा? 2022 मध्ये अनुसूचित जमातींवरच्या अत्याचाराचे 2,979 गुन्हे मध्य प्रदेशात नोंदले गेले, त्या वर्षी देशात सगळ्यांत जास्त. 2021 मध्ये देवास जिल्ह्यात नेमावरला एका आदिवासी कुटुंबातल्या पाच जणांना मारून शेतात पुरलं होतं. त्याच वर्षी नीमच जिल्ह्यात चोरीच्या संशयावरून एका भिल्ल माणसाला गाडीला बांधून फरफटत नेलं, तो मेला. या घटनांनंतर ‘बिगरआदिवासींत असंच असतं’ असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

न्याय लांब असणं हे हिंसेचं आणखी एक कारण आहे, आणि हे मी वकील म्हणून सांगते. फलियातून तालुक्याला जायला दिवस जातो, मजुरी बुडते. साक्षीदार भिलालीत किंवा बारेलीत बोलतो, कागदावर हिंदी उतरते, आणि ‘हात लागला’ व ‘मारलं’ यातलं अंतर तिथंच पुसलं जातं. त्या अंतरावर पुढे जन्मठेप किंवा सात वर्षं ठरतात. दुसरीकडे गावाची स्वतःची रीत आहे, भांजगडी. दोन्ही बाजूंचे लोक बसतात, भरपाई ठरते, ती मिळाली की वैर संपलं असं मानतात. मी तिच्याकडे तुच्छतेनं बघत नाही. आमच्या कोर्टात आरोपीला शिक्षा होते, पण मेलेल्याच्या बायकोला काय मिळतं? भांजगडीत तिच्या घराला काहीतरी मिळतं, आणि पुढचा खून थांबतो. पण भांजगडीतही आता दलाल शिरलेत. ठरलेल्या रकमेतला हिस्सा वाटेतच जिरतो. आणि बायकांना त्या वर्तुळात बसायला जागा नाही. कोर्ट अर्धवट, भांजगडी अर्धवट. या दोन अर्धवटांच्या मधल्या फटीतून सूड वर येतो.

मग करायचं काय? कॅनडातला एक अभ्यास माझ्या मनातून जात नाही. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद या दोघांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी समाजांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचे आकडे मांडले. काही समाजांत प्रमाण भयानक होतं, काहींत एकही आत्महत्या नव्हती. ज्यांनी आपल्या जमिनीचा दावा लावून धरला होता, ज्यांच्या शाळा, आरोग्य, पोलीस यांचा कारभार त्यांच्याच हातात होता, तिथं तरुण स्वतःचा जीव घेत नव्हते. ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंग या गावात 2007 मध्ये आदिवासी बायकांनीच पुढाकार घेऊन कडक दारूच्या विक्रीवर निर्बंध आणवले, आणि दारूमुळे दवाखान्यात येणारे रुग्ण घटले. शहाद्याच्या बायकांनी जे केलं तेच. फरक एवढाच की तिथल्या सरकारनं त्यांच्या मागणीला कायद्याचं बळ दिलं.

आपल्याकडे हे बळ कागदावर आहे. 1996 चा पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींचा कायदा, ग्रामसभेला मादक द्रव्यांवर, सावकारीवर, जमीन हातची जाण्यावर नियंत्रण देतो. मध्य प्रदेशानं त्याचे नियम करायला 2022 उजाडू दिलं. म्हणजे सव्वीस वर्षं. आता नियमांत शांती एवं विवाद निवारण समिती आहे, नव्या दारू दुकानाला ग्रामसभेची संमती लागते, गावातल्या माणसावर गुन्हा नोंदला तर पोलिसांनी ग्रामसभेला कळवायचं आहे, मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्यांची नोंद ठेवायची आहे. वाचताना मला अहिल्याबाईंची भिलकवडी आठवते: हक्क द्या, जबाबदारी द्या. पण ग्रामसभा पंचायतीच्या कचेरीत नव्हे, फलियात भरायला हवी. अर्ध्या बायका नसतील तर तिचा ठराव ग्राह्य धरू नये. बाईवरची मारहाण आणि डाकणीचा आरोप ही प्रकरणं विवाद निवारण समितीकडे जाताच कामा नयेत, ती थेट कोर्टात यावीत. आणि त्या कोर्टात भिली, भिलाली, बारेली जाणणारा दुभाषा पगारी नोकर म्हणून असावा, चपराश्याला हाक मारून भागवू नये. मजुरांच्या नोंदीचाही उपयोग मजुरी वसूल करण्यासाठी व्हावा. झाबुआच्या मजुराची मोरबीत बुडालेली मजुरी झाबुआतच दावा लावून मिळायला हवी. माझ्या मते एवढी एक गोष्ट झाली तरी तीनशे दोनच्या फायली कमी होतील.

इंदूरकरांचा याच्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी आपल्या नव्या फ्लॅटच्या स्लॅबवर कोण उभं होतं ते आठवावं. बिल्डरला ताबा कधी, पार्किंग किती, हे आपण विचारतो. मजुरांची मजुरी चुकती झाली का, हे विचारल्याचं मी एकाही सोसायटीच्या बैठकीत ऐकलं नाही.

त्या फाईलचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. अचानक झालेलं भांडण, पूर्वनियोजन नाही, हा मुद्दा खंडपीठानं मान्य केला. 302 जाऊन 304 भाग दोन, म्हणजे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, आलं आणि भोगलेली सात वर्षं शिक्षा म्हणून धरली गेली. सुटल्यावर तो गावी जाण्याआधी माझ्या चेंबरला आला. गंगवाल बस स्टँडवरून संध्याकाळची बस होती. पाणी प्यायला, थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘मॅडमजी, भांजगडी तो बाकी है.’’ कडी अजून सावकाराकडेच होती. चुलत भावाचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, आता सोळाचा झाला होता. तो मोरबीला कामाला होता आणि होळीला घरी येणार होता.